झापाआडची वाडी

वहिनी, अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला फडकं गुंडाळलंय आणि अंगठा मुळीच हलत नाही. तशी तू माझ्या अक्षराला नेहमीच हसायचीस. "भावजी, तुमच्या पत्रावरून कोंबडी चालून गेली काय?" असं एकदा उलट टपाली विचारलं होतंस. आज खरोखरच पाखरानं हात फोडलाय, आणि बघायला तू नाहीस. तो कसा फुटला हे सांगायलाच बसलोय, पण एकदम तिथं पोचता येत नाही. जरा वळसा घेऊ दे.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं पांगली, आणि मी मात्र मुंबईची आगबोट चुकवून किहीमला राहिलो. मुद्दाम चुकवली. रेवस बंदरापर्यंत छकड्यातून गेलो, बोट लागलेली पाहिली आणि गाडीवानाला म्हटलं, "बैल वळव." त्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

घरात येऊन ओटीवर बसलो नाही, थेट मागच्या वाडीत गेलो. दुपार होती. पोफळींच्या मधून ऊन खाली यायचं ते हिरवं होऊनच यायचं, तसंच आलेलं होतं. पाटातलं पाणी चालू होतं. दूर कुणाचातरी रहाट करकरत होता, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. आणि तुझे सगळे पाहुणे गाढ झोपलेले होते. उदमांजरांची जोडी एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून. फाटक्या पंखाचं वटवाघूळ उलटं लटकून. गव्हाणी घुबड भिंतीकडे तोंड करून, आणि दगडी हौदात ते वल्ह्यासारखा एक पाय गमावलेलं कासव, कपाळावर जानकी कोळणीनं लावलेलं कुंकू घेऊन. यांच्यापैकी कुणालाही तू गेल्याचं कळलेलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, वहिनी. खरंच आला. आणि थोड्या वेळानं तिथल्याच बाजेवर मीही झोपलो.

तुझ्या वाडीत मला नेहमीच झोप लागायची. मुंबईला खोलीत कूस बदलून बदलून पहाट होते. इथं पाठ टेकली की डोळा लागतो. लहानपणी तू या घरात आलीस तेव्हा मी आठ वर्षांचा आणि तू तेरा. त्या आठ वर्षांच्या शेंबड्याला तू "भावजी, दूध घ्या" म्हणायचीस, आणि मी तुला सरळ अगंतुगं करायचो. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. लोक हसायचे. तू म्हणायचीस, "मान देणाऱ्याचं काही जात नाही, घेणाऱ्याची मात्र पंचाईत होते." माझी आयुष्यभर झाली.

दादा जंगलखात्यात, पालीला. रानात जायबंदी झालेलं काही सापडलं की शिपाई ते दादाकडे आणून टाकत, आणि दादा तुझ्याकडे. महायुद्ध संपता संपता जी तापाची साथ आली, तिच्यात दादा गेला. तू पालीहून इकडे आलीस तेव्हा पहिल्या गाडीत तुझी ट्रंक होती आणि मागच्या गाडीत पिंजरे. आपल्या गोतावळ्यानं कपाळाला हात लावला. विधवा बाईनं पोथी वाचावी, चातुर्मास करावा, ते सोडून हिनं साळिंदर आणलं! मीही त्यांच्यातलाच. "वहिनी, ही काय धर्मशाळा काढलीस?" असं मी म्हणालो होतो. तू पिंजऱ्याची दोरी सोडवत म्हणालीस, "धर्मशाळाच आहे. बरे झाले की जातील. तुम्ही पण येत जा शनिवारी."

मी येत गेलो. बारा-तेरा वर्षं, जमेल त्या शनिवारी.

बघता बघता पंचक्रोशीत नाव झालं. डोंगरातले कातकरी खवल्या मांजर घेऊन येत, शेतावरची माणसं पाय मोडलेली घोरपड आणत, थळचे कोळी जाळ्यात सापडलेलं कासव हळदकुंकू लावून आणत. मग बघणारेही यायला लागले. मास्तर वर्ग घेऊन यायचे. सुट्टीत किनाऱ्यावरच्या बंगल्यांतली मुंबईकर मंडळी यायची. चपला बाहेर, आवाज खाली, आणि कुणाला उठवायचं नाही, एवढेच तुझे नियम. पण रानातलं जनावर दिवसा झोपतं हे मुंबईच्या माणसाला कुठं माहीत? एक टोपीवाले गृहस्थ तुझ्यावर उखडलेच होते. "अहो बाई, इतक्या लांबून आलो, आणि ही सगळी झोपलीच आहेत की! काठीनं ढोसा ना एखाद्याला."

तू शांतपणे विचारलंस, "दुपारी तुम्ही निजलात आणि कुणी ढोसलं, तर काय करता?"

त्यांची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "घर डोक्यावर घेतात." मग तिलाच तू हात धरून उदमांजरांपाशी नेलंस, आणि तिच्या कानात सांगितलंस, "त्याचा पाय हलतोय बघा. स्वप्नात झाडावर चढतोय." ती बाई अर्धा तास तिथून हलली नाही. नंतर कितीतरी माणसं मी तशी उभी राहिलेली पाहिली, श्वास रोखून, झोपलेल्याचं स्वप्न ओळखत. घरी परतताना ती हळू चालायची. मीसुद्धा आगबोटीत चढेपर्यंत हळू चालायचो.

सगळ्या वाडीत जागा असायचा तो एकच. समुद्रगरुड.

पहिला गरुड आला तेव्हाचं आठव. पांढरं पोट, राखी पाठ, आणि माणसाच्या आरपार बघणारे डोळे. पंख मोडलेला. तू त्याच्यासाठी वाडीच्या टोकाला लांब मांडव घातलास आणि पुढं नारळाच्या झावळ्या विणून आडोसा केलास, तो झाप. त्या झापाआडून, खालच्या फटीतून, मासा आत सारायचा. तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, हात तर मुळीच दिसू द्यायचा नाही. "त्याला मासा ठाऊक हवा, भावजी, आपण नको," असं तू मला दहादा बजावलंस. मासा सारला की झापाला कान लावून बसायचीस. आतून चोचीचा, नखांचा आवाज आला की उठायचीस. मी चिडवायचो, "वहिनी, चोरून ऐकायची सवय चांगली नव्हे." तू बोट ओठावर ठेवायचीस.

आणि मी काय केलं? वहिनी, हे तुझ्यासमोर कधीच बोललो नाही, म्हणून आता नीट बोलतो. तू स्वयंपाकात असलीस की मी झापाची एक पाती सैल करायचो आणि हात आत घालायचो. हातात मासा, बोय किंवा मांदेली. पहिल्यांदा तो मागे सरला. तिसऱ्या शनिवारी पुढे आला. पुढे पुढे तर माझी चाहूल लागली की तो फटीपाशी येऊन उभा राहायचा. काय सांगू तुला, तेव्हा छाती कशी फुगायची! कचेरीत साहेब मला नावानं ओळखत नव्हता, खाणावळीचा मालक 'खोली नंबर सात' म्हणायचा, आणि इथं आभाळाचा राजा माझ्या बोटांतून मासा घेत होता. सगळे झोपलेले आणि आम्ही दोघेच जागे. मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं?

तो बरा झाला. तू त्याला किहीमच्या पुळणीवर सोडलंस. त्या दिवशी तू रडली होतीस आणि मी ऐटीत होतो, माझा गरुड म्हणून.

दहा-बारा दिवसांनी जानकी आली. थळची जानकी कोळीण, रोज सकाळी पाहुण्यांसाठी मासळी आणणारी. त्या दिवशी तिच्या पाटीवर फडकं झाकलेलं होतं. रविवार होता, मी ओटीवर चहा पीत होतो.

"वयनी, काय सांगू तुमाला," ती पाटी उतरवत म्हणाली. "आमी बोंबील वालत घालीत व्हतो. ह्यो आला आन मानसांच्या मधीच उतरला. भ्याव कसला तो न्हायच. सुनेच्या हाताकरं बगत बसला. तिच्या मांडीवर पोर. तिला वाटला, पोराला उचलतंय. तिनं बांबू हानला."

हाताकडे बघत बसला. माझा चहा बशीतच निवला. तू फडकं उचललंस, त्याचा पंख नीट मिटलास, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. उंडीच्या झाडाखाली आपण त्याला पुरला. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा मांडवाला नवा झाप होता. दुहेरी, घट्ट विणीचा, करंगळीसुद्धा जाणार नाही असा. तुझ्या बोटांना झावळ्यांच्या चिरा पडल्या होत्या. तुला कळलं होतं, आणि तुला कळल्याचं मला कळलं होतं. त्या झापावर आपण दोघं एवढ्या वर्षांत एक शब्द बोललो नाही. तू बोलली असतीस तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती संधी तू दिली नाहीस, याचा मला कधीकधी रागही यायचा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

दुसरा गरुड आला तो यंदा माघात, रेवदंड्याहून. जानकीचं माहेर तिथलं. तिच्या भावाच्या जाळ्यात खाडीच्या तोंडाशी तो अडकला होता. तोच पंख, तोच मांडव, पण झाप दुहेरी. हा कधी कुणाच्या नजरेला पडला नाही, नि कुणी त्याच्या. बघायला येणाऱ्यांनाही तू लांबून त्याची नुसती सावली दाखवायचीस. श्रावण संपता संपता तो मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला लागला.

गणपतीत आपलं वाजलं ते त्याच्यावरूनच. तू म्हणालीस, "पाऊस ओसरला की सोडायचा." मी म्हणालो, "मुळीच नाही. इथं त्याला मासा आहे, सावली आहे, कुणी बांबू घालणार नाही. पहिल्याचं काय झालं विसरलीस?" तू मोदकाची उकड मळत होतीस. मळता मळता थांबलीस.

"भावजी, पहिला मेला तो सोडला म्हणून नाही..."

आणि वाक्य तिथंच सोडून पुन्हा उकड मळायला लागलीस. मी पुढचं विचारलं नाही. तसाच उठून समुद्रावर गेलो आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं मुंबईला आलो. निघताना तू हातावर दही घातलंस ते मी नीट चाटलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांत तार आली, हिवतापाची. मी पोचलो तेव्हा ओटीवर माणसं बसलेली होती, आणि बसण्याच्या रीतीवरूनच मला काय ते समजलं.

तेराव्याला चुलतभावांनी ठरवलं की वाडी आवरायची. जनावरांना कोण बघणार? बंगल्यातले शेठ येऊन गेले. भले माणूस. म्हणाले, "गरुड आम्हाला द्या. लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा करतो, जीव लावून सांभाळतो." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पिंजऱ्यात तरी तो जगेल, आणि अधूनमधून मला बघता येईल, हा हिशेब मनात होताच. स्वभावाला औषध नाही.

शेठ गेल्यावर जानकीनं विचारलं, "वयनी काय बोलली व्हती?"

"सोडायचा म्हणाली होती."

"मंग?"

"मग काय? मरेल पहिल्यासारखा."

ती मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यो का मेला, तां ठावं हाय ना भावजी तुमाला?"

म्हणजे तिलाही ठाऊक होतं! अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक असेल. मी इतकी वर्षं काखेत लपवून बसलो होतो ते सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी लोक मला "या भावजी, बसा" म्हणत होते.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की त्यालाच विचारायचं. बोय घेतली, उजव्या हातात. दार उघडून मांडवात शिरलो. एवढ्या वर्षांत झापाच्या पलीकडे मी पहिल्यांदाच गेलो. आत ऊन तिरकं येत होतं, खाली पिसं पडली होती, आणि टोकाच्या आडव्या फांदीवर तो बसला होता. त्यानं मला पाहिलं. मी हात पुढं केला, तसाच, पूर्वी करायचो तसा, आणि एकेक पाऊल टाकत गेलो. मनातल्या मनात तुला म्हणत होतो, वहिनी, आता काय ते ठरू दे. यानं मासा घेतला, तर हा शेठकडे जाईल. तुझी एवढी खटपट पाण्यात गेली असं समजेन.

आणि लबाडी ऐक माझी. त्या क्षणीसुद्धा, अगदी आत कुठंतरी, त्यानं तो घ्यावा असं मला वाटत होतं.

तो मागे सरला. आणखी मागे सरला. मागं जागा उरली नाही तेव्हा पंख पसरून असा ओरडला की सगळी वाडी जागी झाली असेल, आणि सरळ माझ्या हातावर आला. अंगठ्याच्या मुळाशी नख शिरलं ते आरपार. मी पार्श्वभागावर आदळलो. मासा मातीत पडला, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा टोकाला जाऊन माझ्याकडे बघत राहिला, शत्रूकडे बघावं तसा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण वहिनी, मी तिथं मातीत बसून हसत होतो, आणि जानकी धावत आली तेव्हा रडत होतो. त्यानं मला ओळखलं नाही! मला ना, तुला ना. एक पावसाळा आणि वर चार महिने तू त्याला रोज भरवलंस, आणि तुझा चेहरा त्याला ठाऊक नव्हता.

"खुळावले भावजी," असं म्हणून जानकीनं माझ्या हातावर हळद दाबली.

दुसऱ्या दिवशी त्याला डालग्यात घालून, वरून गोणपाट बांधून, छकड्यातून रेवदंड्याला नेला. जानकी बरोबर होती. म्हणाली, पाखराचं म्हायेर नि माजं म्हायेर येकच, मीच पोचवते. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली होती. डालगं उघडलं. तो ओल्या वाळूवर दोन पावलं चालला, म्हाताऱ्या माणसासारखा, आणि मग वाऱ्यानं त्याला उचललं. एकदाही मागं बघितलं नाही. जानकीनं हात जोडले. "जा बाबा. आमाला वलखू नको."

परतताना छकड्यात मला तुझ्या कितीतरी गोष्टी आठवल्या. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा बाबांनी मला दुकानात बसवायचं ठरवलं होतं आणि अचानक त्यांचं मन फिरलं. ते तू फिरवलंस, हे मला वीस वर्षांनी आत्याकडून कळलं. मुंबईत आजारी होतो तेव्हा किहीमच्या कोणत्या ना कोणत्या माणसाचं 'सहज' येणं व्हायचं, हातात सोलकढीचं आमसूल घेऊन. सहज कसलं! तू माणसांनाही झापाआडूनच भरवायचीस. मी मात्र जन्मभर कुणीतरी मला ओळखावं म्हणून हात पुढं करत राहिलो. तुझं ते अर्धं वाक्य आता मी पुरं करतो: पहिला मेला तो सोडला म्हणून नाही, भावजी, तुम्ही त्याला हातानं भरवलंत म्हणून. हो, वहिनी. मीच.

वाडी आवरलेली नाही. कचेरीला रजेचा अर्ज धाडलाय, पुढं पेन्शनीचंही विचारीन. चुलतभाऊ मला उंटावरचा शहाणा म्हणतात. त्यांना म्हटलं, सगळे झोपलेत, आणि कुणाला उठवायचं नाही असा इथला नियम आहे. रविवारी एक मास्तर वर्ग घेऊन आले होते. त्यातली एक मुलगी उदमांजराकडे बघत कुजबुजली, "हा स्वप्नात भांडतोय." मी तिला शाबासकी दिली.

काल जानकीनं एक बगळा आणला, पायाला गळ अडकलेला. डाव्या हातानं आणि दातानं मी झाप विणला. ओबडधोबड झालाय, तुझ्यासारखी वीण नाही, पण हात जाईल एवढी फट कुठं ठेवलेली नाही. संध्याकाळी खालून मांदेली आत सारली आणि झापाला कान लावून बसलो. बराच वेळ काहीच नाही. फक्त पाटाचं पाणी. मग एक पाऊल वाजलं, थांबलं, आणि चोचीचा हलकासा आवाज आला. मला काहीच दिसलं नाही, वहिनी. एवढंच ऐकायला तू इतकी वर्षं बसत होतीस ना?

मी बोट ओठावर ठेवलं, आणि आवाज न करता उठलो.